खासगी रुग्णालयांतील परिचारिकांची संघटना हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी नागपुरातील एका शासकीय रुग्णालयात ३१ वर्षे नोकरी करून परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) म्हणून निवृत्त झाले. माझी भाची धंतोली भागातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रात्री आठला सुरू झालेली तिची ड्यूटी सकाळी आठला संपायला हवी. पण ‘ओव्हर’ देण्यात, म्हणजे प्रत्येक रुग्णाची स्थिती, चालू सलाइन, लघवीचे मोजमाप आणि राहिलेली औषधे पुढच्या सिस्टरला समजावून सांगण्यात आणखी पाऊण तास जातो, आणि तो कोणत्याही हजेरीत धरला जात नाही. व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे आम्हाला शिकवले गेले. तिच्याकडे एका रात्री चार रुग्ण असतात आणि त्यांतले दोन व्हेंटिलेटरवर. डबा ती पहाटे साडेतीनला, मॉनिटरकडे पाठ न करता उभ्याने खाते. रुजू होताना घेतलेली तिची मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाने अद्याप परत केलेली नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या वेतनाबाबत स्पष्ट शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे, १०० हून अधिक खाटा असल्यास ते फार तर १० टक्क्यांनी आणि ५० ते १०० खाटा असल्यास २५ टक्क्यांनी कमी असावे, आणि त्याहून लहान रुग्णालयातही दरमहा २० हजार रुपयांपेक्षा कमी नसावे, असे त्यात म्हटले आहे. अमलबजावणी राज्यांकडे सोपवली गेली. केरळमध्ये २०११ पासून युनायटेड नर्सेस असोसिएशनने खासगी परिचारिकांना एकत्र आणून संप केले, आणि तेथील सरकारने २०१८ मध्ये किमान २० हजार रुपये मूळ वेतनाची अधिसूचना काढली. शिफारस सगळ्या राज्यांसाठी होती. तिचा पाठपुरावा करणारे माणूसबळ केरळात होते.

आपल्याकडील अडचण निराळी आहे. धंतोली आणि रामदासपेठेत तीस-चाळीस खाटांची रुग्णालये पुष्कळ आहेत आणि त्यांतील परिचारिका मोजक्या. बऱ्याचशा भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून आलेल्या, चौघींत एक खोली घेऊन राहणाऱ्या. अशा ठिकाणी एकीने तोंड उघडले की पुढच्या महिन्याच्या ड्यूटी-चार्टात तिच्या नाइट वाढतात. म्हणून संघटना रुग्णालयागणिक न करता शहरभराची करावी, असे माझे मत आहे. कायद्यात त्याला वाव आहे: नोंदणीसाठी त्या आस्थापनेतील किंवा उद्योगातील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते, मात्र सदस्य सातपेक्षा कमी असू नयेत. नागपूरसारख्या शहरात शंभर सिस्टर आणि ब्रदर (म्हणजे पुरुष परिचारक; त्यांनाही हेच भोगावे लागते) जमणे अशक्य नाही.

संघटना म्हटले की संप आणि संप म्हटले की रुग्णांचे हाल, ही भीती डॉक्टर मंडळी बोलून दाखवतात. मी स्वतः संपात राहिले आहे आणि त्या दिवसांचे ओझे विसरलेले नाही. पण संघटनेचे नव्वद टक्के काम संपाचे नसतेच. नियुक्तीपत्र मिळवून देणे, रजा लेखी मागायला लावणे, रात्रपाळीनंतर सुटी आहे की नाही हे पाहणे, एखादीला नातेवाइकांनी धक्काबुक्की केली तर तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाणे, अशी ती कामे आहेत. चार रुग्णांमागे धावणारी दमलेली परिचारिका औषधाचा डोस चुकवण्याचा धोका रोजच असतो. त्या हालांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

दोष आमचाही आहे. आम्ही शासकीय परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध २०२२ मध्ये रस्त्यावर उतरलो, महागाई भत्त्यासाठी भांडलो. पण समोरच्या खासगी इमारतीतील मुलींना आपल्या बैठकीला कधी बोलावले नाही. मेडिकल आणि मेयो या नागपुरातील शासकीय रुग्णालयांतील संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी आता निदान नोंदणीचे कागद भरण्यापुरती आणि एका सभागृहापुरती मदत करावी. वर्गणी त्या मुली भरतील.

हे पत्र माझ्या नावाशिवाय छापावे, ही विनंती. भाचीची प्रमाणपत्रे अजून त्या रुग्णालयाच्या कपाटात आहेत.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, नागपूर