खाकीतून मंत्रिपदाकडे: खालून चढलेला फौजदार विसरू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पोलीस अधिकाऱ्यांच्या राजकारणप्रवेशावर आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. वर्दी उतरवली की तिसऱ्या दिवशी गळ्यात पक्षाचं उपरणं, हे थांबवायचं तर मधे ठरावीक काळ जाऊ द्यावा, असं लेखकाचं म्हणणं. मी पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढली. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लेखाशी माझं भांडण नाही. पण त्यातले सगळे मंत्री वरून उतरलेले आहेत, आयपीएसवाले. खालून चढलेला एकही नाही. महाराष्ट्रात बसून लिहिताना सुशीलकुमार शिंदे यांचं नाव सुटावं, याचं नवल वाटलं.

शिंदे आधी सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाले होते. १९६५ मध्ये फौजदार झाले, सहा वर्षांनी नोकरी सोडून राजकारणात आले. आणि १९७२ च्या विधानसभेला तिकीट मिळालं नाही! नोकरी गेलेली, उमेदवारी नाही. पुढे १९७४ मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून ते आमदार झाले. आपले लेखक ज्या मधल्या काळासाठी कायदा मागताहेत, तो या फौजदाराला कायद्याशिवायच काढावा लागला. त्यानंतरची चढण सर्वांना माहीत आहे: राज्यमंत्री, अर्थमंत्री, २००३ मध्ये मुख्यमंत्री, आंध्रचे राज्यपाल, केंद्रात ऊर्जामंत्री आणि शेवटी देशाचे गृहमंत्री.

त्यात २००२ ची उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक मला फार आवडते. शिंदे यांच्यासमोर होते भैरोसिंह शेखावत, आणि तेही एके काळी राजस्थानात फौजदारच! ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी शेखावत निवडून आले. देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी दोन माजी फौजदार लढले, याची गंमत तेव्हा आमच्या ठाण्यात चहाबरोबर आठवडाभर पुरली.

दुसरी गंमत ३१ जुलै २०१२ ची. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीज एकाच वेळी गेली. आपला पश्चिमेचा ग्रिड टिकला म्हणून नागपुरात दिवे होते आणि आम्ही टीव्हीवर बातमी पाहू शकलो. त्याच दिवशी ऊर्जामंत्री शिंदे यांच्याकडे गृहखातं आलं. हद्दीत मोठी घटना घडावी आणि त्याच संध्याकाळी ठाणेदाराला बढती मिळावी, असं आमच्या खात्यात मी तरी पाहिलं नाही.

आता वरून उतरलेले. सत्यपाल सिंह नागपूरचेही आयुक्त होते आणि पुढे मुंबईचे. ३१ जानेवारी २०१४ ला त्यांनी मुंबईचं आयुक्तपद सोडलं, २ फेब्रुवारीला मेरठच्या सभेत भाजपमध्ये गेले, आणि बागपतमधून अजितसिंहांसारख्या नेत्याला हरवून खासदार झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यमंत्री. खातं कोणतं? मनुष्यबळ विकास आणि जलसंपदा. उत्तर प्रदेशात असीम अरुण कानपूरचे पोलीस आयुक्त होते. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कन्नौजमधून निवडून आले आणि समाजकल्याण राज्यमंत्री झाले. कडक अधिकारी म्हणून मतं मागायची आणि मंत्री झाल्यावर हातात पोलीस सोडून दुसरं काहीतरी! लेखकाने हे नोंदवायला हवं होतं. (माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, असं सत्यपाल सिंह २०१८ मध्ये औरंगाबादेत म्हणाले आणि देशभर हसं झालं. मला मात्र त्यात जुनी सवय दिसली. पोलिसाला प्रत्यक्षदर्शी लागतोच.)

मधल्या काळाच्या नियमाबद्दल थोडंच. निवडणूक आयोगाने तशी सूचना केली होती, केंद्राने ती मानली नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय कायदेमंडळाचा म्हणून याचिका फेटाळली. निवृत्त अधिकाऱ्याला खासगी कंपनीत जायचं तर वर्षभर थांबावं लागतं किंवा परवानगी काढावी लागते, निवडणुकीला तेवढंही नाही. हे चूकच आहे. पण माझा मुद्दा दुसरा आहे.

डिसेंबर २००३. हिवाळी अधिवेशन, मुख्यमंत्री शिंदे. माझा पॉइंट, म्हणजे बंदोबस्तात उभं राहायची ठरलेली जागा, सिव्हिल लाइन्समध्ये, मुख्यमंत्र्यांच्या रामगिरी बंगल्याच्या रस्त्यावर. सकाळी सहाला हजेरी, सातला पॉइंट, आणि सुटका रात्री ताफा आत गेल्यावर. नागपूरची डिसेंबरातली थंडी आपल्याला सांगायला नको. बाहेरून बंदोबस्ताला आलेली पोरं मंगल कार्यालयात सतरंजीवर झोपून आलेली. माझ्या जोडीला निवृत्तीला आलेले एक हवालदार होते. मुख्यमंत्र्यांची गाडी गेली, आम्ही कडक सॅल्यूट ठोकला, आणि हात खाली घेता घेता ते म्हणाले, "पाय बे, आपला फौजदार चालला. याले तरी मालूम असन, पॉइंटवरच्या मानसानं लघवीले कुठी जाव."

एवढीच अपेक्षा होती हो. पगारवाढ नाही, पदक नाही. कुणीतरी आपल्यातला वर गेला, त्याला हे ठाऊक असेल. ती अपेक्षा त्या साली पुरी झाली नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. सरकारं सगळ्या रंगांची येऊन गेली. एका ठाण्यात असताना (नाव नको) माझी साप्ताहिक सुट्टी सलग दोन महिने कागदावर होती आणि मी मात्र ठाण्यात. तक्रार कुणाकडे करणार? जे सुट्टी देत नव्हते, त्यांनाही सुट्टी नव्हती.

आणि बदल झाला तेव्हा कुठून झाला, ते पाहा. २०१६ मध्ये मुंबईतल्या एका शिपायानं आठ तासांच्या ड्युटीचा आराखडा कागदावर मांडला, आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो देवनार ठाण्यात करून पाहिला. २०२१ मध्ये नागपुरात महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आली, आणि पाठोपाठ महासंचालकांनी ती राज्यभर लागू केली. ही कामं नोकरीत असलेल्यांनी केली. मंत्री झालेल्या पोलिसानं नाही. 'पोलीस' हा राज्याचा विषय, दिल्लीच्या गृहमंत्र्याला शिपायाचे तास ठरवता येत नाहीत, हे मला कळतं. पण संसदेत त्यावर दोन शब्द बोलायला कोणाची परवानगी लागते?

म्हणून उद्या कुणी साहेब राजीनामा देऊन उभे राहिले, तर आपल्या वार्ताहरांनी किती दिवसांपूर्वी सोडलं एवढंच विचारून थांबू नये. तुमच्या आयुक्तालयात शिपायाला महिन्यात किती सुट्ट्या मिळाल्या, तेही विचारावं आणि उत्तर छापावं. हजेरीपट असतात, आकडा काढणं अवघड नाही.

आमच्या शेजारची एक मुलगी आता पोलिसात आहे. अधिवेशनाच्या बंदोबस्ताची तिची पहिलीच वेळ. आठ तासांचा आदेश अधिवेशनात चालेल का, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, ते तुमच्या साहेबांना विचार. मी तुला एवढंच सांगतो, बाई, पॉइंटवर जाण्याआधी पाणी कमी पी. आता फिरती शौचालयं असतात म्हणतात, पण ती मोर्चाच्या बाजूला असतात आणि पॉइंट सोडता येत नाही.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार
गिट्टीखदान, नागपूर
(कृपया नाव छापू नये.)