चिठ्ठीवाल्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

जुन्या कॉमिक्सच्या टेबलावर भाव सगळेच लिहितात. अंकातली खोट लिहिणारे तुम्हीच. पुण्यातल्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या मेळ्यात, तुमच्या पेट्यांतली अंकाची कुठलीही प्लास्टिकची पिशवी उलटी केली की मागच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी दिसते : ‘मधला कागद सुटा. वरची पिन गंजली. मागे वाचनालयाचा शिक्का. ४० रुपये.’ या शहरात पाट्यांचा तुटवडा नाही, पण बहुतेक पाट्या गिऱ्हाइकाला दटावायला असतात. आपल्याच मालाची खोड आधी सांगणारी पाटी विरळाच. त्या चिठ्ठ्यांमुळे स्वस्त अंक आणि टाकाऊ अंक यांतला फरक कळू लागला, त्याचे हे आभार. पत्र उघडं ठेवलं आहे, कारण पेट्या चाळायला पहिल्यांदाच येणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

तुमच्या चिठ्ठीत पहिला मान नेहमी पृष्ठसंख्येला. पिन मारलेल्या अंकात एक कागद गेला की चार पृष्ठं जातात, दोन पुढची आणि दोन मागची. मुखपृष्ठ सोडून ३२ पृष्ठांच्या अंकात असे आठ कागद असतात. त्यात ५-६ नसेल तर २७-२८ एक तर गेलेलं असतं, नाही तर पिनेला न धरता लोंबत असतं. म्हणून सुरुवात आणि शेवट पाहून अंक पुरा आहे असं समजू नये. मधला कागद सगळ्यात आधी सुटतो, कारण पिनेचे दुमडलेले पाय त्याच्यावर असतात आणि गंजाने तिथलीच भोकं मोठी होतात. कोडी सोडवलेली, चित्रं रंगवलेली, कूपन कापलेलं, हेही चिठ्ठीत असतंच. कूपनाच्या मागे गोष्टीची चौकट असेल तर तेही लिहिलेलं असतं, आणि हे फार कमी विक्रेते बघतात.

दुसरी गोष्ट बांधणीची. वाचनालयं दहा-बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधायची आणि कडा मशीनवर कापून सारख्या करायची. असे खंड नंतर फोडून अंक सुटे विकले जातात. ओळखायचं कसं, तर कण्यालगत, म्हणजे पिनेच्या घडीजवळ, दोऱ्याच्या भोकांची रांग दिसते, कडा नको तितक्या सरळ असतात, आणि शेजारी ठेवलेल्या अखंड अंकापेक्षा हा काही मिलिमीटर आखूड भरतो. वाचायला घेणाऱ्याचं यात काहीच बिघडत नाही. संग्रहाला घेणाऱ्याने मात्र अखंड अंकाचा भाव देऊ नये. खिशातली सहा इंची पट्टी इथे दहा मिनिटांच्या घासाघिशीपेक्षा जास्त कामाला येते.

रंगीत झेरॉक्सच्या मुखपृष्ठाबद्दल तुम्ही दिलेल्या खुणा तर फ्रेम करून लावाव्यात. दहापट भिंगाखाली छापखान्याचे ठिपके स्वच्छ आणि ठरावीक कोनात दिसतात. झेरॉक्समध्ये त्या ठिपक्यांवर दुसरी जाळी चढलेली असते आणि रंग कागदात न मुरता वर चकाकतो. भिंग नसेल तर मुखपृष्ठाची आतली बाजू पाहा. जिथे जाहिरात हवी तिथे कोरा कागद असेल तर शंका घ्यायला हरकत नाही. सगळ्यात पक्की खूण गंजाची. पिन तांबूस झाली आहे, आतल्या कागदांवर डाग उतरला आहे आणि मुखपृष्ठावर मात्र भोकाभोवती डागच नाही, म्हणजे ते मुखपृष्ठ नंतर चढवलेलं.

इंद्रजाल कॉमिक्सच्या पेटीजवळ गर्दी होते ती वेताळामुळे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटममुळे. १९६४ ते १९९० या काळात ८०३ अंक निघाले. पण यादी करताना लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. ४४३व्या अंकानंतर सलग क्रमांक संपतो आणि खंड व अंक अशी मोजणी सुरू होते. त्यामुळे यादीत दोन रकाने हवेत, नाहीतर तोच अंक दोनदा घरी येतो. मराठी आणि इंग्रजी प्रती जुळवायच्या असतील तर क्रमांकावर विसंबू नये, मुखपृष्ठाचं चित्र पाहावं. (मूळ गोष्टींतलं वेताळाच्या देशाचं नाव ‘बंगाला’ इथल्या अंकांत ‘डेंकाली’ झालं, त्यामुळे नावावरून शोधणारेही फसतात.) अमर चित्र कथेत खूण आणखी सोपी. ‘कृष्ण’चा क्रमांक ११, कारण आधीचे दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. पुढच्या पुनर्मुद्रणात तोच अंक ५०१ झाला. पाचशेच्या घरातला क्रमांक दिसला की जुन्या छपाईचा भाव द्यायचा नाही.

अमेरिकन अंकांत ‘पहिला अंक’ हे शब्द ऐकून पाकीट काढू नये. १९९१च्या ‘एक्स-मेन’ क्रमांक १च्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या, त्याही पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांत. तो दुर्मीळ कसा असेल? अलीकडच्या अंकांत बारकोडशेजारचा पाच आकडी छोटा कोड वाचावा. पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा प्रकार, पाचवा आवृत्ती. शेवटी २ असेल तर ती दुसरी छपाई.

टेबलापाशी वागण्याचे तुमचे नियम कडक आहेत आणि तसेच राहावेत. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची. अंक कोपऱ्याला धरून ओढायचा नाही, शेजारचे अंक मागे लोटून दोन्ही हातांनी वर उचलायचा. पिशवी उघडायच्या आधी विचारायचं. आणि पिशवीची चिकटपट्टी पूर्ण काढून बाजूला लावायची. ती पिशवीच्या झडपेवरच राहिली तर अंक बाहेर काढताना मुखपृष्ठाला चिकटते आणि शाईसकट पापुद्रा घेऊन येते. घरी काळजीपूर्वक जपलेले अंक असेच फाटतात, वाळवी त्या मानाने परवडली.

वेळेबद्दलही तुम्ही सरळ सांगता. नेमका एखादा अंक हवा असेल तर पहिल्या दिवशी दारं उघडल्यावरचा पहिला तास. गठ्ठ्याने घ्यायचे असतील तर शेवटच्या दिवसाची संध्याकाळ, कारण पेट्या परत वाहून न्यायची हौस कुणालाच नसते. एकेका अंकावर घासाघीस करू नये. दहा-पंधरा निवडून एकत्र ठेवावेत आणि मग विचारावं. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसलं की यूपीआयही बसतं, म्हणून दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा जवळ हव्यात. भाव पडताळायचा असेल तर आधी रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात एक फेरी मारावी. तिथे पिशवी नाही, चिठ्ठी नाही आणि अंक धुळीत, पण आकडा कळतो.

पुण्याच्या पावसाळ्यासाठी तुम्ही पिशवीसोबत दोन वाक्यं फुकट देता. वह्यांना घालतात ती मऊ, वास येणारी प्लास्टिकची कव्हरं वापरू नका, त्यांच्यातलं तेलकट द्रव्य बाहेर येतं आणि शाई प्लास्टिकला चिकटते. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा पुरे. अंक उभे ठेवायचे, कलते नाहीत, कारण कलल्यावर कणा वाकतो आणि तो बाक नंतर निघत नाही. कसर लागल्याची शंका असेल तर अंक पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये. घाई केली तर गार कागदावर दव जमतं. ओला अंक उन्हात नको, टिपकागद घालून पंख्याखाली. फाटलं तर सेलोटेप अजिबात नको. आणि डांबराच्या गोळ्यांचा वास कागदात बसतो, अंक पुढच्या मालकाकडे गेला तरी वास त्याच्याबरोबर जातो.

एवढं सगळं सांगणाऱ्या माणसाला स्वतःचे अंक चढ्या भावाने विकणं जड जातं, हे उघड आहे. तरी तुम्ही चिठ्ठ्या लिहिणं थांबवलं नाही, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

आपले,
हव्या असलेल्या अंकांची यादी खिशात घेऊन फिरणारे

ता. क. मराठी इंद्रजालचे अंक पुढच्या वेळी वेगळ्या पेटीत लावता आले तर बरं होईल. हिंदी अंकही देवनागरीत आणि तिकडचा ‘वेताल’ इकडच्या ‘वेताळ’सारखाच दिसतो, त्यामुळे घाईत हिंदी अंक उचलला जातो. आणि चिठ्ठीसाठी पेन्सिल जरा गडद घ्या, हॉलमध्ये मागच्या बाजूला उजेड कमी असतो.