नकार द्यायला शिकवलंत, त्याबद्दल

सेन्सेई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय, आणि तेही चारचौघांत. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही नाकासमोर हात हलवून 'इएइए', छे छे, म्हणता आणि विषय चहावर नेता. आभार परतवून लावायची तुमच्या भाषेत एवढी पक्की सोय आहे की समोरच्याचं काही चालत नाही. म्हणून आधी आमच्या लोकांत सांगून टाकते. जपानी तर्जुमा शनिवारी वाचून दाखवीन.

वाचणाऱ्यांसाठी थोडं. सेन्सेई म्हणजे तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दर शनिवारी परदेशी लोकांना विनामूल्य जपानी शिकवणाऱ्या आजी. आम्ही राहतो निशी-कसाईला. भारतीयांची इथे मोठी वस्ती आहे. एवढी शाकाहारी मंडळी येऊन राहिली ती नेमकी 'कसाई' नावाच्या गावात, यावर प्रत्येक मराठी पाहुणा एकदा हसतोच. मी पुण्याहून जपानी शिकून आले होते. क्रियापदांची रूपं पाठ होती, कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, बऱ्यापैकी येत होती. अडचण भाषेची नव्हतीच. मी मूळची भिडस्त. 'भीड भिकेची बहीण' हे आमच्या आजीने ऐकवून ऐकवून झालं, पण समोरच्याला नाही म्हणायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. आणि जपानला निघताना जो तो सांगत होता, 'तिकडे लोक नाही म्हणतच नाहीत.' म्हटलं, बरं झालं, आपल्यासारखेच दिसतात.

सेन्सेई, हा समज तुम्ही पहिल्या काही शनिवारांतच मोडीत काढलात. तुम्ही स्वतः दिवसभर नाही म्हणत असता! सभागृहाच्या व्यवस्थापकांना, खाऊ घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना, तास संपल्यावर 'अजून पाच मिनिटं' मागणाऱ्या मला. फक्त त्यात 'इइए', म्हणजे 'नाही', हा शब्द कुठे नसतो. तो तुम्ही राखून ठेवलाय, कुणी स्तुती केली किंवा आभार मानले तर परतवायला.

तुम्ही घ्यायचात तो सराव मला अजून जसाच्या तसा आठवतो. तुम्ही साहेब व्हायचात, शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या मंडळींबरोबर प्यायला चला म्हणायचात, आणि मी नकार द्यायचा. मी सुरू करायची: मुलाची परीक्षा आहे, नवऱ्याला यायला उशीर होणार आहे, सासूबाईंचा फोन यायचाय, शिवाय पाऊसही... तुम्ही टेबलावर पेन्सिल वाजवून थांबवलंत. कारण एकच पुरे. दुसरं दिलं की पहिलं खोटं वाटतं, तिसरं दिलं की समोरच्याला वाटतं, ही बाई माझ्यावर रागावली आहे. मग एकच वाक्य शिकवलंत, 'चोत्तो योओजी गा आत्ते...' म्हणजे, जरा काम होतं, त्यामुळे... आणि पुढे गप्प बसायचं. वाक्य तिथेच सोडून द्यायचं. उरलेलं समोरचा मनात पुरं करतो आणि म्हणतो, 'आ, सोओ देसु का', अच्छा, असं का. कसलं काम, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे 'जरा काम आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'कसलं गं?' म्हणून तर आम्हाला कारणांची माळ ओवायची सवय लागते.

गप्प बसणं मात्र मला सगळ्यात कठीण गेलं. त्या दोन सेकंदांत तुम्ही मान किंचित कलती करायला लावायचात, दातांमधून हळूच श्वास आत ओढायला लावायचात, आणि मी हसले की पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर आलं 'नोमेनाइन देसु'. पुस्तकाप्रमाणे 'नोमिमासेन' बरोबरच आहे, मी पीत नाही. पण त्यात जरा बाणा आहे, पिणाऱ्यावर शेरा आहे. 'नोमेनाइन देसु' म्हणजे मला पिता येत नाही हो. इच्छा बाजूला, जमत नाही एवढंच. हे मात्र मला लगेच उमगलं. कारण आमच्याकडे जेवायला बसलेला माणूसही 'मी वांगं खात नाही' असं यजमानीणबाईंना म्हणत नाही. 'मला वांगं चालत नाही' म्हणतो. उपवासाची गोष्ट तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही वहीत लिहून घेतलीत. 'आज उपवास आहे' म्हटल्यावर कुणी कारण विचारत नाही, कुणी रागावत नाही, वर साबुदाण्याची खिचडी मिळते. असा नकार जपानीत का नाही, म्हणून तुम्ही हळहळलात.

शाकाहाराबाबत मात्र तुम्ही कडक होतात. शेजारीण प्रेमाने काही शिजवून घेऊन आली तर 'सेक्काकु देसु गा' म्हणायचं, म्हणजे तुम्ही एवढं आवर्जून केलंत, पण... आणि 'ओकिमोची दाके इतादाकिमासु', तुमची भावना तेवढी घेते. पण कुणी जेवायला बोलावलं असेल तर हे ताटावर बसून सांगायचं नाही. आमंत्रण येईल त्याच दिवशी सांगायचं, तेही माशांच्या दाशीपर्यंत, म्हणजे सूपाच्या पाण्यापर्यंत, सगळं. मिसो सूपात मासा दिसत नाही, पण त्याच्या पाण्यात बहुतेक वेळा बोनितो माशाचे वाळवलेले काप उकळलेले असतात. ऐनवेळी कळलं तर जेवू घालणारी बाई दिवसभर स्वतःला दोष देत बसते. भिडेखातर आधी गप्प राहणं यालाच तुम्ही उद्धटपणा म्हणालात. माझ्यासारखीला हे नवीन होतं.

दुकानातला प्रकार साधा, पण सराव रोजचा. जुलै 2020 पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडायला लागले, तेव्हापासून प्रत्येक गल्ल्यावर विचारतात, पिशवी हवी का? तरुण पोरं म्हणतात 'दाइजोबू देसु', म्हणजे मी ठीक आहे. तुम्हाला ते पटत नाही. दाइजोबू हे सायकलवरून पडलेल्याने म्हणायचं, पिशवी नको म्हणताना प्रकृती कशाला सांगायची, असा तुमचा सवाल. तुमचं आपलं 'सोनो मामा दे', आहे तसंच राहू द्या. मी तुमच्यासमोर तेच म्हणते. बाकी ठिकाणी दाइजोबू. एवढं माफ करा.

पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते दारावरच्या विक्रेत्याचं प्रकरण. त्या दिवशी तुम्ही आवाज बदलून विक्रेता झालात आणि मी सौजन्याने 'केक्को देसु' म्हणाले. तुम्ही आनंदाने टाळी वाजवलीत, 'धन्यवाद! मग पुढच्या आठवड्यात बसवून देतो!' कारण केक्को म्हणजे पुरे, आणि केक्को म्हणजे उत्तमसुद्धा. फोनवर किंवा दारात माल खपवणारे या दुहेरी अर्थाचा फायदा घेतात, म्हणून ग्राहक सल्ला केंद्रंही सांगतात की तिथे मऊ बोलू नका. 'इरिमासेन', नको. 'ओकोतोवारी शिमासु', मी नकार देते. तिथे ना मान कलती करायची, ना श्वास ओढायचा. नकार दिल्यावर पुन्हा गळ घालायची नाही, असं जपानचा कायदाच विक्रेत्याला बजावतो. त्यातूनही सही करून बसलात तर दारावरच्या खरेदीला करारनाम्याचा कागद हातात पडल्यापासून आठ दिवसांत माघार घेता येते. आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर तुम्ही फळ्यावर केवढा मोठा लिहिलात: 188. जपानी आकड्यांची अक्षरं जुळवली की 'इ-या-या', म्हणजे ओसाकाच्या बोलीत 'नको गं बाई'. 2015 पासून हा तीन आकडी नंबर देशभर चालतो. ज्या देशात म्हणे कुणी नाही म्हणत नाही, तिथे सरकारी नंबरच 'नको' आहे!

ऑफिसात याचाच उलटा धडा कामी आला. मी इथल्या ग्राहकाच्या आणि हिंजवडीतल्या आमच्या टीमच्या मधली. इथे याला ब्रिज इंजिनियर म्हणतात. मीटिंगमध्ये ग्राहक म्हणतो, 'मोचिकाएत्ते केन्तोओ शिमासु', आत नेऊन विचार करतो. फोन ठेवल्या ठेवल्या पुण्याहून विचारणा, 'मग सोमवारपासून सुरू करू ना?' मी सांगते, नाही म्हणालेत ते. 'असं कुठे म्हणाले?' आता ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज बंद करून बसलेल्यांना तो दातांमधला श्वास कसा ऐकू जाणार! हल्ली मी त्यांना एवढंच सांगते, तुझ्या काकांकडे उसने पैसे मागितलेस आणि काका 'बघू' म्हणाले, तर सोमवारी बँकेत जाशील का? लगेच कळतं.

त्याहून फसवं म्हणजे 'इताशिकानेमासु'. शेवट 'मासु'ने होतो, नकाराचा मागमूस नाही, नवशिक्याला वाटतं काहीतरी करतो म्हणाले. अर्थ मात्र, आम्हाला करणं शक्य नाही. बँका, वॉर्ड ऑफिस, दुकानं, सगळ्यांची ही आवडती क्रिया. ओसाकाचे व्यापारी तर नुसतं 'विचार करून ठेवतो' म्हणून मोकळे होतात.

याच वर्गात तुम्ही जपानचे तेव्हाचे पंतप्रधान सातो यांचा किस्सा सांगितलात. नोव्हेंबर 1969 मध्ये ते वॉशिंग्टनला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना भेटले. सातोंना अमेरिकेच्या ताब्यातलं ओकिनावा बेट परत हवं होतं, निक्सनना जपानी कापडाची निर्यात आवरायला हवी होती. सातो म्हणे 'झेन्शो शिमासु' म्हणाले, योग्य ते करू. इंग्रजीत ते 'जमेल तेवढं सगळं करतो' असं पोचलं, आणि पुढे काही झालं नाही तेव्हा निक्सन भडकले. नेमके शब्द काय होते यावर वाद आहेत, पण दुभाषी मंडळी हा किस्सा आजही सांगतात. आम्ही सगळे दुभाष्याला दोष द्यायला लागलो तेव्हा तुम्ही म्हणालात, दुभाष्याचं काय चुकलं? ज्याला ओकिनावा घ्यायचं होतं आणि कापडाबाबत मागे हटायचं नव्हतं, त्याला यापेक्षा सोयीचा शब्द कुठे मिळणार होता! ओकिनावा 1972 मध्ये परत मिळालं. शिष्टाचार म्हणून धूसर बोलणं वेगळं आणि फायद्यासाठी धूसर राहणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. हा फरक करता यावा म्हणून तुम्ही शिकवत होतात, असं आता वाटतं.

कारण पुढे खरीच वेळ आली. साहेबांनी ओसाकाच्या कचेरीत जायला विचारलं. बढती होती. मुलाचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर, नवऱ्याची नोकरी इथे. मी 'मुझुकाशीई देसु ने', जरा कठीण आहे, असं म्हणायचं ठरवून तुमच्याकडे आले. तुम्ही साफ मोडता घातलात. माणूस तुझ्या उत्तरावर पुढची माणसं ठरवणार आहे, त्याला अंदाज बांधायला लावू नकोस. आणि उत्तर उद्याच दे, आठवडा लावलास तर तो होकाराची आशा धरून बसेल. मग आपण दोघींनी मिळून वाक्य बांधलं. आधी 'आरिगाताई ओहानाशी देसु गा', एवढी चांगली संधी दिलीत, पण. मग 'कोनकाई वा', या वेळी. आणि शेवटी 'जिताई सासेते इतादाकिताई', नम्रपणे माघार घेऊ इच्छिते. जिताई या शब्दाचे दोन अर्थ कुणी काढू शकत नाही. 'कोनकाई वा'खाली तुम्ही दोनदा रेघ मारलीत. नकार या वेळेपुरता, पुढच्या वेळचं दार उघडं. साहेबांनी ऐकलं, 'वाकारिमाशिता', समजलं, म्हणाले आणि कॅलेंडर उघडून दुसऱ्या कामाकडे वळले. ना रुसवा, ना फुगवा. मीच दिवसभर वाट बघत होते.

भाच्याला इथल्या एका कंपनीचं नकाराचं पत्र आलं तेव्हाही तुम्हीच वाचून दिलंत. 'या वेळी गोएन नव्हता', म्हणजे ऋणानुबंध नव्हता, आणि खाली पुढच्या यशासाठी प्रार्थना. इथली पोरं अशा पत्रांना 'ओइनोरी मेरु' म्हणतात, प्रार्थनेची पत्रं. स्थळ नाकारतानाही हाच गोएन कामी येतो, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी खो खो हसले. आमच्याकडे पत्रिका जुळत नाही. मुलगी आवडली असती तर तीच पत्रिका शेजारच्या गुरुजींकडे जुळली असती.

आणि होळीला तुम्ही आमच्या घरी आलात, ते तर सांगायलाच हवं. दुसऱ्या पुरणपोळीला तुम्ही 'ओनाका इप्पाई', पोट भरलं, म्हणालात, शुद्ध, सुरेख नकार. सासूबाईंनी तुपासकट वाढली. तिसऱ्या वेळी तुम्ही मला जपानीत विचारलंत, तुमच्याकडे कितवा नकार खरा धरतात? मी म्हटलं, तोंडाचा कुठलाच नाही, ताटावर दोन्ही हात आडवे धरा आणि जरा वाका. तुम्ही धरलेत. सासूबाईंनी चमचा मागे घेतला आणि म्हणाल्या, 'अगं, मग आधी सांगायचं नाही का!'

आता एक मागणं. एप्रिलमध्ये पुण्याहून नवीन मंडळी येतायत, त्यांतल्या तिघीजणी तुमच्या वर्गात यायचं म्हणतात. एक तर माझ्याहून भिडस्त आहे. त्यांना 'चोत्तो' शिकवायच्या आधी 188 शिकवाल का? तुमचे शनिवार आधीच भरलेले आहेत, हे ठाऊक आहे. 'विचार करते' म्हणालात तर मी समजून घेईन आणि पुन्हा विचारणार नाही.

आपली,
शनिवारच्या वर्गात खिडकीजवळ बसणारी