पूर ओसरतो, छावणी उठत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मणिपूरच्या छावण्यांविषयीची चार ओळींची बातमी परवा आपल्या आतल्या पानावर वाचली. लघुउद्योगाच्या जाहिरातीखाली होती, नजरेतून सुटलीच असती.

2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेला महापूर आला, तेव्हा आमच्या शाळेत गंजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांची छावणी, उघडलं होतं. बाकं व्हरांड्यात रचून एकेका वर्गात सहा-सात कुटुंबं. पहिले तीन-चार दिवस भाकऱ्या, बिस्किटं, जुने कपडे आणि फोटो काढून घेणारे पुढारी यांची नुसती रीघ. आठवडा उलटला तशी रीघ आटली आणि नळावर, संडासापुढे भांडणं सुरू झाली. बायकांना कपडे बदलायला आडोसा नव्हता, तो आम्ही फळ्याला चादर बांधून केला. बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या मात्र कुणी आणल्या नाहीत. एक आज्जी रोज सकाळी विचारायची, "बाई, आमची भिंत हाय काय न्हाय, कुणी बघून आलं काय वो?" बाराव्या दिवशी पाणी उतरलं आणि ती घरी गेली. भिंत पडली होती, पण जागा तिचीच होती.

मणिपुरात 3 मे 2023 ला मैतेई आणि कुकी या दोन समाजांत हिंसाचार पेटला. अडीचशेवर माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली. तिथे पाणी उतरायची वाट बघण्याचा प्रश्नच नाही. मैतेईंची डोंगरातली घरं गेली, कुकींची खोऱ्यातली. कुकींचं चुराचांदपूर ते मैतेईंच्या खोऱ्यातलं, विमानतळाचं इंफाळ हे अंतर निपाणी-बेळगावपेक्षाही कमी, पण जिवाच्या भीतीने कुकी माणसं विमान पकडायला शेकडो किलोमीटर डोंगर तुडवत मिझोरामला, आयझॉलला गेली. जमिनीचा उतारा मराठीतून मिळावा म्हणून आपण इथे सीमाभागात वर्षानुवर्षं मोर्चे काढतो. (काढायलाच हवेत.) तिथे कित्येकांचे उतारे, मार्कशीट, रेशनकार्ड घराबरोबरच जळून गेले.

आपण सगळ्यांना सरसकट 'निर्वासित' म्हणतो. 1951 चा आंतरराष्ट्रीय करार मात्र देशाची सीमा ओलांडलेल्यांपुरताच आहे, आणि भारताने त्यावर सहीही केलेली नाही. जगात 2024 अखेर 12 कोटींहून जास्त माणसं युद्ध-हिंसाचारामुळे घराबाहेर होती. त्यांतली 7 कोटींवर स्वतःच्याच देशात, म्हणजे त्या करारात न बसणारी. सुदानमध्ये 2023 ला लढाई जुंपली, तेव्हा तिथे जडीबुटीचं तेल विकायला गेलेल्या आपल्या कर्नाटकातल्या हक्की-पिक्की लोकांना सरकारने 'ऑपरेशन कावेरी'तून परत आणलं. त्या बातम्या आपण मोठ्या छापल्यात. सुदानी माणूस मात्र तिथेच राहिला आणि पानावरून गेला.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आपल्याकडच्या घराघरांतली पोरं फौजेत आहेत. ईशान्येत नोकरी करून आलेले माजी सैनिक शोधलेत तर सापडतील. त्यांना लिहितं करा. तीन महिन्यांतून एकदा तरी छावण्यांतल्या पोरांच्या शाळेचं काय झालं, ते छापा.

मदत पाठवणाऱ्यांना एवढंच सांगा, जुने कपडे नकोत. 2019 चं एक गाठोडं मी निवृत्त होईपर्यंत शाळेच्या अडगळीत तसंच बांधलेलं होतं.

एक निवृत्त शिक्षिका,
निपाणी, जि. बेळगाव