'मैत्री' क्लिनिकचे दार समलिंगी, पारलिंगी मुलांनाही उघडे हवे

मा. संपादक,

सातारा जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक म्हणून काम करते. समलिंगी आणि पारलिंगी मुलामुलींच्या आरोग्याविषयी जे थोडेफार छापून येते ते बहुधा मुंबई-पुण्यापुरते असते, म्हणून तालुक्याच्या गावी काय घडते ते कळवावेसे वाटले.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालवले जाते. पण तेथवर पोहोचण्याआधी मुलाला केसपेपरच्या खिडकीपुढे उभे राहावे लागते, आणि मागे रांगेत गावातलेच कोणी असताना 'काय होतंय?' या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्या तोंडून निघत नाही. 'डोकं दुखतंय' असे सांगून, दोन गोळ्या घेऊन तो घरी जातो. झोप उडणे, कॉलेज सोडावेसे वाटणे, जीव नकोसा होणे, यांची नोंदच होत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत हा संकोच जिवावर बेतू शकतो. संसर्गाची शंका आल्यास प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि नेमका तेवढा वेळ कोणाला विचारावे या विवंचनेत निघून जातो. अठरा वर्षांखालील मुलांची अडचण त्याहून बिकट आहे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचा हेतू रास्तच आहे. परंतु अठरा वर्षांखालील मुलांच्या लैंगिक संबंधांची माहिती मिळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक असल्याने समवयस्क मित्राविषयीही मुले आमच्याजवळ बोलत नाहीत.

घरी कळले, की पालक 'याला सुधारून द्या' म्हणून डॉक्टर गाठतात. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच वगळली. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशांना अनुसरून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये असे 'उपचार' हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. तरीही एका मुलाने माझ्यापुढे ठेवलेल्या खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीत झोपेच्या गोळ्यांखाली 'लवकर लग्न करावे' असे लिहिलेले होते. त्या लग्नात एका अजाण मुलीचेही आयुष्य फरफटले जाईल, याचा विचार कोणी केला होता? याच आयोगाने २०२४ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमात समलिंगी संबंधांचा 'अनैसर्गिक गुन्हे' म्हणून पुन्हा समावेश केला आणि टीका झाल्यावर तो मागे घेतला, हे पाहता केवळ जुन्या पिढीच्या डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही.

आरोग्य विभागाने केसपेपरच्या खिडकीवर तक्रार न विचारता 'मैत्री'कडे थेट पाठवण्याची सोय करावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क आहे. तो आणि आयोगाचा २०२२ मधील निर्णय प्रत्येक रुग्णालयात मराठीत, ठळक फलकावर लावावा, त्याखाली महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार कशी करायची तेही लिहावे. आशाताई आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणात हा विषय यावा, कारण गावात मुलाच्या आईचा विश्वास त्यांच्यावरच असतो. आपणांसही एक विनंती आहे. मानसिक आरोग्याविषयी फोनवर मदत देणाऱ्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आणि एचआयव्हीविषयक माहितीचा १०९७ हा क्रमांक आपल्या जिल्हा पुरवणीत नियमित छापावा.

– एक समुपदेशक, जि. सातारा