झाडांच्या पुस्तकांचे कपाट भरूया : खानापूरकर सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

येत्या वटपौर्णिमेपासून आपल्या वाचनालयात झाडे, त्यांची निगा आणि परसबाग या विषयांचे स्वतंत्र कपाट सुरू करायचे कार्यकारिणीने ठरवले आहे. कपाट तयार आहे. बाजारपेठेतल्या मेस्त्रींनी मजुरी घेतली नाही, उलट उरलेल्या फळ्यांतून मुलांसाठी बाकही करून दिला. आता पुस्तके हवीत.

आज जे आहे ते कोणामुळे, हे आधी लिहिलेच पाहिजे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) मराठी शाळेच्या गुरुजींनी दिले. समासात त्यांची पेन्सिलीची टिपणे आहेत, जांबोटी रस्त्याला पांगारा कधी फुलतो, पळस कधी. नव्या सभासदांनी ती प्रत मुद्दाम चाळावी. डॉ. शरदिनी डहाणूकरांचे ‘वृक्षगान’ स्टेशन रोडच्या वहिनींनी सासूबाईंच्या स्मरणार्थ दिले. ते इतके वाचले गेले की पुन्हा बांधून घ्यावे लागले. आणि वनखात्यातून निवृत्त झालेले आपले अण्णा! थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्याचे पुनर्मुद्रित खंड अण्णांनी पेन्शनमधून घेऊन वाचनालयाला दिले. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता, त्यामुळे आपल्या रानातली झाडे त्यात सापडतात. रविवारी पोरांना जवळ बसवून त्यांनी इंग्रजी वर्णनांसमोर ऐन, किंजळ, नाणा, हिरडा अशी आपली नावे एका वहीत लिहून घेतली. अण्णा गेले. वही जपून ठेवली आहे.

मग आता घाई कसली? झाडे लावायला सगळे येतात, जगवायचे कसे हे कोणी विचारत नाही. दर पावसाळ्यात रोपे लागतात, फोटो निघतात आणि शिमग्यापर्यंत नुसती आळी उरतात. जुन्या वडा-चिंचांच्या बुंध्याला काँक्रीट भिडवतात, मग मुळांना पाणी आणि हवा मिळणार कुठून? फांदी खोडालगत सपाट छाटतात. फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर भाग राखून छाटली, तर झाड जखम स्वतः मिटवते. मोठ्या फांदीला आधी खालून खाच दिली नाही, तर ती पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. आंब्यावरचे बांडगूळ वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि ज्या पाचोळ्याने जमीन झाकायची तो रोज सकाळी पेटवला जातो. यात कोणाचा दुष्टावा नाही. दाखवणारे कोणी नाही आणि हाताशी पुस्तक नाही, एवढेच.

म्हणून यादी केली आहे. पहिले नाव सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या १९४० च्या ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’चे. पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर लावून, ते परतून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची इंदूर पद्धत त्यात आहे. ती इंदुरातच बसवलेली, म्हणून आपल्या परड्यातही जमण्यासारखी. मासानोबू फुकुओकांचे ‘एका काडातून क्रांती’ आपल्या भातकरी सभासदांनी वाचावे असे फार वाटते. नांगरट नाही, रासायनिक खत नाही, आणि तरी भात! जपानचे हवामान वेगळे हे ध्यानात ठेवून वाचावे. पीटर वोहलेबेन या जर्मन वनपालाचे झाडांवरचे पुस्तकही मागवायचे आहे. ते जर्मनीतल्या जंगलांबद्दल आहे, पण वाचणारा झाडाकडे थांबून बघू लागतो. शिवाय कलमे, छाटणी, गांडूळखत, देशी वृक्षांची ओळख यांवरची मराठी आणि कन्नड पुस्तके. आपली मुले दोन्ही भाषा वाचतात, कपाटही दोन्हींचे असावे.

गेल्या वर्षी असेच पत्र काढले होते. पावसाळाभर ते फलकावर राहिले. “आता पुस्तके कोण वाचतो?” असे काही घरांतून ऐकावे लागले, आणि त्यांतल्या कितीतरी घरांतली मुले आपल्याच अभ्यासिकेत बसून नोकरीला लागली आहेत. मनाला लागले, म्हणून लिहिले. यंदा तसे होऊ नये.

एकूण ३०,००० रुपये लागतील. देणगी कितीही चालेल, पावती लगेच मिळेल. ५०० रुपये व अधिक देणाऱ्यांचे नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर. जुनी पुस्तके चालतील, वाळवी लागलेली व शालेय गाईडे नकोत. पुणे, मुंबई, कोल्हापूरला असलेल्या मंडळींनी पुस्तक घेण्याआधी यादी मागवावी, म्हणजे एकच पुस्तक दोनदा येणार नाही. स्वीकृती सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ८, वाचनालयात, १५ मेपर्यंत. पाचोळ्याचे खत प्रत्यक्ष करून दाखवायला जाणकार हवे आहेत, त्यांनीही नाव द्यावे.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)