मुंबई–लंडन ‘8 तास’ : चुकलेल्या बसबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन प्रवास बुकिंग विभाग

विषय : उड्डाणाचा चुकीचा कालावधी दाखवून त्याला जोडून बसचे तिकीट विकल्याबाबत.

महोदय,

12 नोव्हेंबर 2025 रोजी माझी आई (वय 71) मुंबईहून लंडनला आणि तिथून बसने बर्मिंगहॅमला, बहिणीच्या बाळंतपणासाठी गेली. दोन्ही तिकिटं तुमच्याच ॲपवर एकत्र काढली होती. विमान दुपारी 2 चं. ॲपवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘अंतर 7,200 किमी, वेळ 8 तास’. म्हणजे लंडनच्या घड्याळात साडेचारला उतरायचं आणि सहाची बस धरायची. ती बसही ॲपनेच सुचवली.

विमान उतरलं साडेसहाला. उशिरा नव्हे, वेळेवर. विमान कंपनीच्या तिकिटावर हीच वेळ छापलेली आहे. ती मी नीट पाहिली नाही, एवढी चूक माझी. पण दोन्ही तिकिटं विकणाऱ्याने तरी पाहायला हवी होती! आईचं विमान जमिनीला टेकलं तेव्हा बस जाऊन अर्धा तास झाला होता. इमिग्रेशन, सामान उरकून ती बसस्थानकावर पोहोचली आठला, आणि पुढची बस साडेनऊची. तिला मधुमेह आहे. डब्यात दोन चपात्या उरल्या होत्या म्हणून निभावलं.

तुमच्या मदत विभागाचं उत्तर आलं : ‘विमानाला विलंब झाल्यास कंपनी जबाबदार नाही.’ विलंब झालेलाच नाही, हे मी तीनदा कळवलं. तिन्ही वेळा तेच उत्तर.

हे 8 तास आले कुठून, ते शोधायला फार वेळ लागला नाही. 7,200 ला ताशी 900 ने भागा, बरोबर 8 येतात. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणला की एवढं अंतर भरतं. पण तो दोरा सिंध-बलुचिस्तानवरून, पुढे इराण, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेनच्या दक्षिण भागावरून जातो. पाकिस्तानचं आकाश 24 एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना बंद आहे आणि युक्रेनचं 24 फेब्रुवारी 2022 पासून सगळ्याच प्रवासी विमानांना. आईचं विमान भारतीय कंपनीचं, त्यामुळे त्याला वळसा घालणं भागच. त्यात उंचावरचे पश्चिमी वारे जाताना समोरून अंगावर येतात. शिवाय धावपट्टीपर्यंतची रांग आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या घिरट्या. दादर-पुणे अंतराला 80 ने भागून कुणी ‘दोन तासांत पोहोचाल’ म्हणालं, तर घाट ठाऊक असलेला माणूस हसेल. तुम्ही त्यावर तिकीट विकलंत.

चुकलेल्या बसचं भाडं आणि नव्या तिकिटाचे 31 पाउंड परत मिळावेत. ॲपवर भागाकाराऐवजी विमान कंपनीच्या वेळापत्रकातली वेळ दाखवावी. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. मला अजून तक्रार क्रमांकही मिळालेला नाही. तो न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन. तिकिटांच्या आणि ॲपच्या पडद्याच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आई फेब्रुवारीत परत येते. येताना वारा पाठीशी असतो, प्रवास लवकर होतो. तुमचं ॲप मात्र परतीलाही 8 तासच दाखवतंय. तेवढं तरी त्याआधी दुरुस्त करा.

आपली ग्राहक,
डोंबिवली